ज्यांची बदली होत नाही

दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आपणां मराठी मंडळींच्या बोलण्यात 'बदली' या शब्दाला जे स्थान आहे, ते दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात दोन कुटुंबे भेटली की कुशल विचारून होताच पहिला प्रश्न येतो तो, "यंदा काय, इथेच ना?" मुलांच्या शाळा, सरकारी घराचे वाटप, गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईचे औषधपाणी, या साऱ्यांचे सूत्र त्या एका शब्दाच्या हाती असते. आयुष्यातली वर्षेदेखील आपण सनांनी मोजीत नाही; 'आम्ही जबलपूरला होतो तेव्हा', 'शिलाँगहून आलो त्या साली' अशी मोजतो. गाव मागे पडते, तिथली एखादी सतरंजी आणि एखादा स्नेह तेवढा बरोबर येतो, आणि आपण पुढच्या गावाच्या हवापाण्याची चौकशी करू लागतो.

ज्या गावांना सोडून आपण येतो त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र या बोलण्यात सहसा निघत नाही. कारभार करणारे येतात आणि जातात. डोंगर, पाणी आणि माणसे जागच्या जागी असतात. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कुणी मुद्दाम सांगू नये. परंतु उघड गोष्टीदेखील कुठे तरी प्रत्यक्ष पाहाव्या लागतात. मला ती पाहावयास मिळाली दिल्लीपासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या नूह जिल्ह्यात. पिण्याच्या पाण्याच्या एका योजनेच्या पाहणीसाठी दोनअडीच वर्षे मला तिथे वरचेवर जावे लागले.

दिल्लीकर मराठी माणूस सुटीच्या दिवशी आग्र्याला जातो, वृंदावनाला जातो, पाहुणे आले तर जयपूर दाखवून आणतो. नूहला कुणी जात नाही. वास्तविक हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. उत्तरेला त्याला लागून गुरुग्राम आहे, जिथल्या काचेच्या इमारतींत आपल्यापैकी अनेकांची मुले नोकरी करतात. पूर्वेला पलवल, दक्षिणेला आणि पश्चिमेच्या बऱ्याच भागाला राजस्थान. क्षेत्रफळ सुमारे १,५०७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १०,८९,२६३ होती. तीत शंभरातील जवळजवळ ७९ मुसलमान, बहुतेक मेव जमातीचे. शंभरातील ८८ हून अधिक माणसे खेड्यांत राहणारी. २००५ साली गुडगाव आणि फरिदाबाद या जिल्ह्यांचे भाग तोडून 'मेवात' नावाने हा जिल्हा झाला, आणि २०१६ साली त्याचे नाव बदलून 'नूह' करण्यात आले. नावाची बदली झाली. जिल्हा तिथेच राहिला.

सोहन्याचे गरम पाण्याचे कुंड मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की उजव्या हाताला अरवलीची रांग सोबत करू लागते. सह्याद्रीच्या मानाने हे डोंगर ठेंगणे, उघडे आणि वयाने फार म्हातारे. त्यांच्या अंगावर आता विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, माजली आहे. ठिकठिकाणी दगडाच्या खाणींनी डोंगराचे लचके तोडलेले दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली या भागातील खाणकामास बंदी केली. तरी चोरटी वाहतूक थांबली नाही, आणि जुलै २०२२ मध्ये तावडूजवळ ती अडवू गेलेला एक पोलीस उपअधीक्षक डंपरखाली चिरडला गेला. डाव्या हाताला सपाट मैदान, त्यात हिवाळ्यात गहू आणि मोहरी, पावसाळ्यात बाजरी आणि ज्वारी. गाडीतून पाहणाऱ्याला हा प्रदेश हिरवागार वाटावा. पण या जिल्ह्याची खरी हकीकत जमिनीच्या खाली आहे.

नूहमध्ये पाण्याच्या दोन जाती आहेत. डोंगराच्या पायथ्याशी पावसाचे पाणी खडकातून झिरपून साठते, तिथल्या विहिरी गोड. फिरोजपूर झिरका या गावाच्या नावातले 'झिरका' म्हणजे डोंगरातून झिरपणारा झरा. पायथा सोडून मैदानात उतरावे तसे पाणी मचूळ होत जाते, आणि आणखी थोडे पुढे ते इतके खारट होते की माणसाने पिऊ नये आणि पिकानेही पिऊ नये. त्यामुळे कुणाची मुलगी कुठे द्यावी, कुणाची म्हैस किती दूध देईल, कुणाच्या घरची बाई दिवसाचे किती तास डोक्यावर घागर वाहील, हे त्या घराचे अंतर डोंगरापासून किती आहे यावर ठरते. आपल्या वऱ्हाडातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा त्यांनी पाहिलेला, किंबहुना भोगलेला आहे. फरक एवढाच की पूर्णेच्या पट्ट्याच्या उशाशी राजधानी नाही.

या खाऱ्या पाण्यावर एके काळी नूहने पैसा केला, हे ऐकून मला नवल वाटले. विहिरींचे खारे पाणी उन्हात आटवून इथे मीठ काढीत आणि त्याचा मोठा व्यापार चाले. मिठावर श्रीमंत झालेल्या चूहीमल शेठजींच्या नावाचा लाल दगडी तलाव आणि छत्री नूहच्या पश्चिमेस आजही उभी आहे. पुढे सांभरचे मीठ स्वस्तात येऊ लागले, सरकारी मिठाचे धोरण बदलले आणि धंदा बसला. मिठाचे पैसे गेले. मीठ जमिनीतच राहिले.

पाणी बाहेरून आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. यमुनेच्या काठी खोल विहिरी खणून नळाने ते इथपर्यंत आणण्याची योजना या शतकाच्या पहिल्या दशकात झाली. गुडगाव कालव्याचे पाणीही यमुनेचेच. पण ती यमुना ओखल्याशी येईपर्यंत दिल्लीचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली असते. आपल्या घरच्या मोरीतून गेलेले पाणी सत्तर किलोमीटरवरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते, याचा विचार आपण आंघोळ करताना करीत नाही. नळाच्या शेवटच्या टोकावरच्या खेड्यांत घरोघरी जमिनीखाली सिमेंटची टाकी बांधलेली आहे. टँकर येतो, पैसे मोजून टाकी भरून घ्यायची आणि ती कुलपात ठेवायची. धान्याच्या कोठाराला कुलूप मी पाहिले होते. पाण्याला लावलेले कुलूप इथे प्रथम पाहिले.

आता माणसांविषयी. मेव लोक स्वतःला क्षत्रिय वंशाचे समजतात आणि त्यांच्या पालांची व गोतांची मोजदाद त्यांना तोंडपाठ असते. सगोत्र विवाह त्यांच्यात निषिद्ध. मुसलमान समाजात अन्यत्र चालणारी चुलत-मामेभावंडांची लग्ने परंपरेने त्यांच्यात होत नसत. जुन्या पिढीत मेवांची नावे सिंगान्त असत, आणि मिरासी गायक त्यांच्या चौपालीत पांडवांची कथा गात. 'पांडुन का कडा' हे मेवाती महाभारत सादुल्ला खाँ या मेव कवीच्या नावावर आहे. त्याचे अकेडा हे गाव याच जिल्ह्यात. १९२०च्या दशकात मौलाना इलियास यांनी मेवातमधूनच आपल्या तबलीगी कार्यास आरंभ केला. तेव्हापासून या चालीरीतींचा रंग बदलत गेला आहे; तरी गोत विचारल्यावाचून सोयरीक अजून जमत नाही. एका चौपालीत हुक्का फिरत असता मला विचारण्यात आले, "साहेब, तुमचे गोत कोणते?" मी गोत्र सांगितले. वृद्ध चौधरी समाधानाने मान डोलावून म्हणाले, "म्हणजे तुमच्यातही बघतात तर." त्यानंतर माझ्याशी बोलणे त्यांना सोपे झाले असे दिसले.

दुसरी एक ओळख याहून अनपेक्षित होती. या जिल्ह्यातील पुष्कळ घरांचा चरितार्थ मालमोटारी चालविण्यावर आहे. फिरोजपूर झिरक्याच्या एका चहाच्या दुकानात मी सोबत्याशी मराठीत बोलत असता शेजारच्या बाकावरून प्रश्न आला, "कुठले तुम्ही, साहेब?" विचारणारा मेव ड्रायव्हर होता. भिवंडीच्या गोदामांत आणि न्हावाशेव्याच्या रांगांत काढलेल्या वर्षांनी त्याला मराठी शिकवली होती. कसारा घाटात मोटार बंद पडली असता कुणी भाकरी दिली, हे त्याने गावाच्या नावासकट सांगितले. माझे दिल्लीतले शेजारी मेवातविषयी काय बोलतात ते मला ठाऊक होते, म्हणून मी थोडा वेळ काही बोललो नाही. महाराष्ट्राविषयी त्याची माहिती माझ्या मेवातविषयीच्या माहितीहून अधिक होती, आणि ती भाकरीपासून सुरू झालेली होती.

या लोकांचा आणि दिल्लीचा संबंध साडेसातशे वर्षांचा आहे आणि तो बहुतेक काळ सरळ नव्हता. मेवांच्या धाडींमुळे दिल्लीच्या पश्चिमेचे दरवाजे दुपारच्या नमाजाच्या वेळीच लावून घ्यावे लागत, असे झियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. १२६६ साली बल्बन गादीवर आला. त्याने दिल्लीभोवतीचे जंगल तोडले, मेवांची कत्तल केली आणि ठाणी बसविली. मार्च १५२७ मध्ये खानव्याच्या रणांगणावर राणा संगाच्या बाजूने बाबराशी लढताना हसन खाँ मेवाती पडला. धर्माने एक असलेल्या स्वारीकर्त्यापेक्षा शेजारच्या राण्याशी त्याचे नाते अधिक जवळचे होते. नल्हड येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्याचे नाव आहे.

आणि मग आपण येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलखावर शिंद्यांचा अंमल होता. नूहच्या दक्षिणेस अलवार जिल्ह्यात लासवारी म्हणून गाव आहे. १ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे लेकच्या फौजेशी शिंद्यांच्या पलटणी इतक्या निकराने लढल्या की जिंकणाऱ्यानेही त्यांच्या शौर्याची कबुली दिली. लढाई गेली. ३० डिसेंबर रोजी अमरावती जिल्ह्यातील सुर्जी-अंजनगावला तह झाला आणि दिल्लीच्या आसपासचा प्रदेश इंग्रजांकडे गेला. वऱ्हाडातल्या एका गावी बसून कागदावर सह्या झाल्या, आणि शेकडो कोस दूर असलेल्या मेवाती शेतकऱ्याचा धनी बदलला. त्याला कुणी विचारले नाही. आपण होतो तेव्हाही विचारले असेल असे मानण्यास आधार नाही. मराठी अंमलाची इथे उरलेली आठवण सारावसुलीची आहे, विहिरींची नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींनी तो दुसऱ्या टोकाकडूनही वाचावा असे मला वाटते.

इंग्रजांना साहाय्य केल्याबद्दल फिरोजपूर झिरक्याची जहागीर अहमदबक्ष खाँ यांना मिळाली. मिर्झा गालिब यांचे चुलते नसरुल्ला बेग हे आग्र्यास मराठ्यांच्या चाकरीत होते आणि १८०३ साली लेकला जाऊन मिळाले. त्यांच्या पश्चात कुटुंबाला पेन्शन ठरले ते याच जहागिरीच्या उत्पन्नातून. गालिबच्या वाट्याला महिना ६२ रुपये ८ आणे येत. तेवढ्यासाठी त्या कवीने कलकत्त्यापर्यंत खेटे घातले, हे सर्वश्रुत आहे. ते रुपये ज्या खाऱ्या जमिनीतून निघत तिचा उल्लेख मात्र कुणी करीत नाही. अहमदबक्षांचे पुत्र शमसुद्दीन यांना विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल १८३५ साली दिल्लीत फाशी झाली आणि जहागीर गुडगाव जिल्ह्यात विलीन करण्यात आली.

त्या गुडगाव जिल्ह्यात १९२० साली एफ. एल. ब्रेन नावाचे डेप्युटी कमिशनर आले. सरकारी नोकरीत असलेल्या प्रत्येकाने या गृहस्थाची हकीकत एकदा वाचावी. सात वर्षे त्यांनी गावोगाव हिंडून खतासाठी खड्डे खणविले, घरांना झरोके पाडविले, विहिरींवर रहाट बसविले, सुधारलेले बियाणे आणि लोखंडी नांगर वाटले, मुलींना शाळेत घालावे म्हणून हट्ट धरला आणि गुडगावला ग्रामसुधारकांसाठी एक शाळाही काढली. 'गुडगावचा प्रयोग' म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. त्यांची तळमळ खोटी नव्हती, कष्टही खरे होते. परंतु काय करायचे हे साहेबांनी ठरवायचे आणि लोकांनी करायचे, अशी त्या प्रयोगाची घडण होती. १९२७ साली साहेबांची बदली झाली. पुढच्या काही वर्षांत काम ओसरले, आणि पुष्कळसे खड्डे बुजले. ब्रेन यांनी आपल्या प्रयोगावर पुस्तके लिहिली, ती राहिली.

१९४७ साली प्रश्न सुधारणेचा नव्हता, राहण्याचाच होता. अलवार आणि भरतपूर या संस्थानांतून मेवांची हकालपट्टी झाली, सहस्रावधी माणसे मारली गेली, आणि जिवंत राहिलेले पाकिस्तानच्या वाटेला लागले. १९ डिसेंबर १९४७ रोजी गांधीजी घासेडा या गावी आले. त्यांनी मेवांना सांगितले की, हा देश तुमचा आहे, तो सोडून जाऊ नका. चौधरी यासीन खाँ यांच्यासारखे त्यांचे पुढारीही राहण्याच्या बाजूचे होते. पुष्कळ लोक राहिले. सहा आठवड्यांत गांधीजीच गेले. दिलेला शब्द पाळण्याचे काम मागे उरले, आणि ते ज्यांच्या वाट्याला आले त्यांत एक मराठी माणूस होता. १९४८ साली पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून विनोबा भावे पवनारहून दिल्लीस आले आणि निर्वासितांच्या छावण्यांबरोबरच मेवांच्या पुनर्वसनाचे काम त्यांनी हाती घेतले. मेवांच्या जमिनींवर पश्चिम पंजाबातून आलेले शरणार्थी बसविले गेले होते. त्यांचेही दुःख खरे होते. अशा ठिकाणी हुकूम काढणे सोपे आणि तो गावात उतरवणे कठीण असते. विनोबांचे सोबती गावोगाव राहिले, जुने मालक आणि नवे शरणार्थी यांच्यामध्ये बसून एकेक शेत मोकळे करीत गेले. भूदानाची कहाणी आपण सारे जाणतो. तिच्या आधीचे हे मेवातचे पान मराठी वाचकाच्या फारसे नजरेस आलेले नाही.

त्यानंतर सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० साली मेवात विकास मंडळ स्थापन झाले. २००५ साली स्वतंत्र जिल्हा झाला. त्या वेळी त्याच्या हद्दीत रेल्वेचा रूळ नव्हता. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांसाठी योजना आखली. आपल्याकडचे नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) हे तीत होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जी पहिली क्रमवारी लागली तीत १०१ जिल्ह्यांमध्ये मेवात शेवटचा होता. राजधानी क्षेत्रात असलेला जिल्हा गडचिरोलीच्याही मागे! अंतर किलोमीटरांत मोजण्याची आपली सवय किती फसवी आहे हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

२०११च्या गणनेप्रमाणे इथे शंभरातील सुमारे ७० पुरुष आणि सुमारे ३७ स्त्रिया साक्षर होत्या. अशा स्थितीत २०१५ साली हरियाणाने कायदा केला की पंचायतीच्या उमेदवाराने ठरावीक इयत्ता उत्तीर्ण झालेले असले पाहिजे: सर्वसाधारण पुरुषाने दहावी, स्त्रीने आठवी. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो वैध ठरविला. कायद्याचा हेतू चांगला असेल, आणि त्याच्यामुळे काही घरांतून शिकलेली सून किंवा मुलगी सरपंचपदासाठी पुढे आली हेही खरे. पण पाण्यासाठी जिने शाळा सोडली, घागरी वाहिल्या, जिला गावातली प्रत्येक विहीर चवीने ओळखता येते, ती बाई पाण्याच्या समितीवर बसू शकली तरी पंचायतीवर निवडून जाऊ शकली नाही. शाळा देणे हे सरकारचे काम होते. ती न दिल्याचा दंड मात्र तिला झाला.

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात केनियाचा एक अधिकारी माझ्या शेजारी बसत असे. तो तुर्काना या काउंटीचा होता. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा. परंतु मैदानात तो आपल्या कितीतरी जिल्ह्यांएवढा, उजाड आणि गुराख्यांचा. नैरोबीहून पाठविलेले कमिशनर पूर्वी तिथलाही कारभार हाकीत. त्यांची आणि आपल्या कलेक्टराची घडण एकाच साम्राज्याची. २०१० साली केनियाने नवी राज्यघटना स्वीकारली, देशाच्या ४७ काउंट्या केल्या, आणि २०१३ पासून प्रत्येक काउंटीचा गव्हर्नर व सभा लोक निवडून देतात. राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के भाग काउंट्यांना द्यावा आणि मागे पडलेल्या भागांत पाणी, रस्ते, दवाखाने यांसाठी निराळा निधी ठेवावा, असे घटनेतच लिहिले आहे.

मी त्याला नूहच्या खाऱ्या विहिरींविषयी सांगितले तेव्हा तो हसला. २०१३ साली तुर्कानात लोटिकिपी येथे जमिनीखाली प्रचंड जलसाठा सापडल्याची बातमी जगभर झळकली होती. लोकांनी आनंद केला. पुढे पाणी तपासून पाहिले तो ते खारट निघाले. मी विचारले, "आता गव्हर्नर तुमच्यातलाच असतो, मग कारभार सुधारला काय?" तो म्हणाला की पूर्वी पैसा नैरोबीत खाल्ला जात असे, आता काही थोडा घरीही खाल्ला जातो, पण एक फरक आहे. खाणारा पुढच्या वर्षी दुसऱ्या काउंटीत निघून जात नाही, बाजारात रोज समोर दिसतो. हे उत्तर मी वहीत लिहून ठेवले. निवडून आलेला मनुष्य पाठविलेल्या मनुष्याहून चांगलाच असतो असे मला म्हणायचे नाही. आपल्या जिल्हा परिषदा आपण पाहिल्या आहेत. परंतु परिणामांच्या शेजारी राहावे लागणे ही कारभाराची एक मोठी शिकवण आहे, आणि आपली नोकरी नेमकी तीच आपल्याला मिळू देत नाही.

३१ जुलै २०२३ रोजी नूहमध्ये एका मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली, ती गुरुग्रामपर्यंत पसरली आणि सहा माणसे प्राणास मुकली. काही दिवस इंटरनेट बंद होते. दिल्लीतल्या दिवाणखान्यांत जिल्ह्याचे नाव प्रथमच सर्वांच्या तोंडी आले, आणि ते याच निमित्ताने आले. त्यापूर्वी पाच महिने, १२ फेब्रुवारीस, दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा सोहना-दौसा हा टप्पा खुला झाला होता. तो नूह जिल्ह्यातून जातो. म्हणजे आता आपली घराकडची वाटदेखील मेवातच्या शेतांमधून आहे. मोटार त्या उंच रस्त्यावरून ताशी शंभराच्या वेगाने जाते तेव्हा खालची गावे अर्ध्या तासात संपतात. ती माणसे तीच आहेत: घासेड्यास राहण्याचा निर्णय केलेल्यांची नातवंडे आणि भिवंडीचा माल वाहणारे ड्रायव्हर. एका दिवसाच्या बातमीवरून त्यांना ओळखणे म्हणजे एका दंगलीवरून मुंबईला ओळखण्यासारखे आहे.

आपण, बदल्यांवर जगणाऱ्या माणसांनी, यात करावे तरी काय? विनोबांसारखे राहणे आपल्याला शक्य नाही. तशी आपली योग्यता नाही आणि सेवानियमही तशी मुभा देत नाहीत. पण चार्ज देणे आपल्या हाती असते. जाणारा अधिकारी येणाऱ्याकडे किल्ल्या, शिक्के, खुर्च्या आणि प्रलंबित फाइली यांची यादी सोपवितो. त्या यादीत जिल्हा नसतो. कोणत्या गावाला नळाचे पाणी कितव्या दिवशी पोचते, कोणत्या चौपालीत दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसतात, कोणत्या शाळेत मुली आठवीनंतरही टिकल्या आणि कुणामुळे, हे ज्ञान आपण बरोबर घेऊन जातो. ते पुढच्या गावी निरुपयोगी आणि मागच्या गावी नाहीसे होते. ब्रेनसाहेबांनी सात वर्षांत जे शिकले ते पुस्तकांत लिहिले. ते गुडगावच्या पुढच्या तलाठ्यासाठी कुणी लिहिले असते तर?

पाहणीचे काम संपले तेव्हा माझ्या शेवटच्या अहवालाला मी एक परिशिष्ट जोडले. पायथ्याकडच्या गावांतील गोड्या विहिरींची ती यादी होती: विहीर कुठे, पाण्याची चव कशी, कुणी सांगितले, कोणत्या तारखेला चाखले. चव हा सरकारी कागदात बसणारा शब्द नव्हे, म्हणून शेजारी क्षारांचे मोजमापही लिहिले. या विहिरींतून पंपाने फार उपसा झाला की मैदानातले खारे पाणी हळूहळू त्यांच्याकडे सरकते, आणि एकदा आत शिरलेले मीठ परत जायला कित्येक पावसाळे लागतात. परिशिष्टाची कुणी दखल घेईल अशी माझी अपेक्षा नव्हती.

यंदा उन्हाळ्यात माझ्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याचा दूरध्वनी आला. तो केरळचा आहे, मेवाती बोली शिकतो आहे. यादीतल्या एका विहिरीवर तो उभा होता. पाणी त्याला मचूळ लागले होते, आणि गावातली माणसे म्हणत होती की ते पूर्वी तसे नव्हते. "सर, आपण चाखले तेव्हा कसे होते?" त्याने विचारले. मी सांगितले, गोड होते. तारीख लिहिलेली आहे. त्याने तिच्यापुढे आपली तारीख लिहिली आणि त्या गावातील उपशाचे कागद काढावयास सांगतो असे म्हणाला.